लेस्तवाल गावाचा भूगोल, मुक्काम करंजवडी

१९ जानेवारी १९४६, शनिवार

आज फ्रान्स देशातून करंजवडीला पत्र आलं. आटपाडीपासून सात मैल आत, मेंढरांच्या वाटेवरचं हे गाव. इथे साताऱ्याहून कार्ड आलं तरी लोक आधी कोण गेलं ते विचारतात. त्यामुळे परदेशी तिकीट पाहून पोस्टमनने पाकीट दोन बोटांत लांब धरलं होतं.

पत्र केरबातात्यांच्या नावाचं. केरबातात्या विहिरी खोदतात. पहिल्या लढाईत ते खडकीच्या सफरमैना पलटणीत होते, म्हणजे खंदक खणणारी आणि पूल बांधणारी पलटण. सन चौदाच्या हिवाळ्यात आपण फ्रान्सात होतो असं ते सांगतात. 'असं ते सांगतात' हे गावाचं पालुपद आहे. परत आल्यावर त्यांनी चावडीत सांगितलं, की तिथे कुत्र्याला चाकात पळवून लोणी काढतात. तेव्हापासून सव्वीस वर्षं गाव त्यांना 'केरबा लोणी' म्हणतं. आज पाऊस येईल एवढं जरी ते म्हणाले तरी आप्पासो पाटील विचारतात, "कुत्र्यानं सांगितलं का रं?" आणि चावडी हसते. मीही हसलोय, खोटं कशाला लिहू.

पत्र इंग्रजीत होतं आणि गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा मास्तर, म्हणून तात्या शाळेत आले. पेन्शन बंद झाली असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मी वाचलं, मग उठून उभा राहिलो आणि पुन्हा वाचलं. लेस्तवाल नावाच्या गावातली शाळेची बाई तिथल्या पाटलाच्या वतीने लिहिते: आमचं गाव टेकावर आहे. ह्या लढाईत, चव्वेचाळीस साली, विमानांनी ते सपाट केलं. घरं, देऊळ, चावडी, चावडीतले नकाशे आणि दप्तर सगळं जळालं. पाण्याचा मनोरा पडला, आड बुजले. लोक खाली रेल्वेजवळ पत्र्याच्या शेडांत राहतात. सरकारचं म्हणणं, टेकावर पाणी नाही, तेव्हा गाव कायमचं खालीच वसवा. पण म्हाताऱ्या माणसांना आठवतं, की सन चौदाच्या हिवाळ्यात हिंदी सैनिकांनी एक विहीर खोदली होती आणि तिचं पाणी कधी आटलं नाही. पुढे नळ आले, विहिरीवर फरशी टाकून कोठार बांधलं गेलं. ते कुठे, हे आता कोणालाच नक्की सांगता येत नाही, जिकडेतिकडे ढिगारे आहेत आणि खणायला माणसं थोडी. एक मे रोजी सरकारी इंजिनिअर निकाल द्यायला येणार. त्या विहिरीवर राबलेल्यांपैकी हयात असं एकच नाव पलटणीच्या दप्तरात मिळालं, ते तुमचं. विहिरीची जागा कळवा. गाव कसं होतं तेही कळवा, कारण आमच्याकडे लिहिलेलं काहीच उरलं नाही.

तात्या म्हणाले, "म्हंजी लेस्तवाळ पडलं म्हंता?"

"हो तात्या."

"समदं?"

"सगळं पडलं असं लिहिलंय."

त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "ईर म्या खोदलीया मास्तर. पंचावन्न हात. मला ठावं हाय कुटं हाय ती."

लेस्तवालला ते लेस्तवाळ म्हणतात, जसं काही खरसुंडीच्या पलीकडेच आहे.

२० जानेवारी, रविवार

रात्रीची झोप नीट लागली नाही. ह्या तालुक्यात आजपर्यंत कोणी फ्रान्सच्या एखाद्या गावाचा भूगोल लिहिला असेल का? मुंबई-पुण्यातसुद्धा कोणी लिहिला नसेल. सकाळीच नवी वही काढली, पहिल्या पानावर वळणदार अक्षरात नाव घातलं: 'लेस्तवाल गावाचा भूगोल व इतिहास'. प्रकरणं ठरवली: सीमा, जमीन, हवामान, पिके, लोक, पाणी, इतिहास.

लीला म्हणाली, "आणि लिहिणाराचं नाव केवढ्या अक्षरात?" तिला सगळं दिसतं. माहेर मलकापूरचं, तिथल्या बायका नवऱ्याला फार वेळ शहाणा समजत नाहीत.

तात्या नऊ वाजता आले. मी वही उघडली, पण त्यांना तोंडाने सांगता येईना. म्हणाले, "मापटं द्या." लीलाने धान्याचं मापटं दिलं. ते त्यांनी शाळेच्या जमिनीवर पालथं घातलं: हे देऊळ. मग अंगणातले खडे आणले, जोंधळ्याची कणसं आणली, कोळसे आणले, आणि तासाभरात माझ्या दुसरी-तिसरीच्या वर्गाच्या जागी एक गाव उभं राहिलं. देवळाभोवती थडगी. देवळापुढे चौक. चौकातून तीन वाटा. प्रत्येक घराच्या मधोमध अंगण आणि अंगणाच्या मधोमध उकिरडा.

"घराच्या मधी उकिरडा?" मी विचारलं.

"तीच त्यांची श्रीमंती. ज्येचा उकिरडा मोठा, त्येच्या पोरीला स्थळं लय."

लीला पदर तोंडाला लावून आत गेली. मी 'लोक' ह्या प्रकरणात नोंद केली.

आणि जमीन! तिथे फावडं मारलं की पांढरी. पांढरी म्हणजे आपली गावठाणाची पांढरी नव्हे, खरोखर पांढरी. तात्यांनी फळ्याखालचा खडूचा तुकडा उचलला. "ह्येच. समदा डोंगर ह्येचाच." सबंध गाव खडूवर वसलंय! मी बारा वर्षं खडू झिजवतोय आणि मला कधी सुचलं नाही की एवढ्यावर घरं बांधता येतील. पाणी त्यातून खोल झिरपून जातं, म्हणून टेकावर वर पाणी नाही. म्हणजे आपल्यासारखाच कोरडा मुलूख, फक्त पांढरा.

२४ जानेवारी, गुरुवार

चार दिवस शाळा सुटल्यावर रोज बैठक. आज पाण्याचं प्रकरण, म्हणजे मुद्द्याचं.

तात्या मापट्यापाशी उकिडवे बसले, डोळे मिटले. "देवळाच्या दारात उभं ऱ्हायाचं, तोंड भाईर. नीट म्होरं एकशे चाळीस पावलं. तितं सुळावरच्या देवाचा खांब. तितनं डाव्या हाताला ऐंशी पावलं. ईर."

"तात्या, तेव्हा तुम्ही तरणे होता. पाऊल केवढं धरायचं?"

"पलटणीचं पाऊल तीस इंचाचं. मानूस म्हातारं हुतंय, पाऊल न्हाई हुत." मग उठून त्यांनी शाळेच्या अंगणात दहा पावलं टाकून दाखवली. मी पट्टी लावली. तीनशे इंच, वर अर्धा.

पण भूगोलात डावं-उजवं चालत नाही. दिशा लागतात. मी विचारलं, "देवळाचं तोंड कुठल्या दिशेला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शाळेत बसवावं. "देवळाचं तोंड कुटं असतंय मास्तर? उगवतीला."

"तुम्ही सूर्य उगवताना पाहिलात?"

"सव्वा म्हैना हुतो तितं. येक दिस सूर्य दिसला न्हाई. नुसतं आभाळ, न्हाईतर बरफ."

म्हणजे दरवाजा पूर्वेस. मी लगेच सगळं हिशेबात बसवलं: देवळाच्या पूर्वेस एकशे चाळीस पावले, तेथून उत्तरेस ऐंशी पावले. किती सुटसुटीत झालं. दारात उभं राहणं वगैरे तपशील गाळला. त्याच रीतीने तळं, पवनचक्की, लोण्याच्या कुत्र्याचं घर, सगळं दिशांत बसवून नकाशा काढला, वर उत्तर, बाण लावून.

लीलाने नकाशा पाहिला. "ते म्हणाले तसंच का नाही लिहिलं? दारात उभं राहा, सरळ जा, डावीकडे वळा. त्या लोकांना काय डावं-उजवं कळत नाही?"

मी तिला समजावलं की शास्त्राची भाषा वेगळी असते. ती म्हणाली, "बरं बाई." हे ती कधी म्हणते ते मला ठाऊक आहे, पण आज मी तिकडे लक्ष दिलं नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

हवामान आणि इतिहास ही प्रकरणं पुरी. दोन चमत्कारिक गोष्टी टिपून ठेवतो.

एक. तात्या म्हणतात, जर्मनांच्या तोफा रात्रंदिवस देवळाच्या पाठीमागून ऐकू येत. पाठीमागून म्हणजे पश्चिमेकडून. शाळेच्या नकाशात जर्मनी फ्रान्सच्या पूर्वेस आहे. जर्मन वळसा घालून आले असावेत. तळटीप दिली.

दोन. दारातून बाहेर पाहताना देवळाच्या उजव्या हाताच्या भिंतीला बर्फ महिनाभर वितळत नसे, डावीकडची मात्र मोकळी होई. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला बर्फ टिकतं. आपल्याकडे उन्हाची बाजू दक्षिण, त्यांच्याकडे उलटं दिसतं. ही त्या देशाची विशेषता म्हणून हवामानात घातली. पुस्तकांत हे कुठे सापडत नाही, म्हणजे नवीनच माहिती असणार.

२ फेब्रुवारी, शनिवार

इंग्रजी भाषांतर पुरं झालं. बावीस पानं आणि नकाशा. तात्यांनी पहिल्या पानावर सही केली, अक्षरं मोजून लावल्यासारखी. आटपाडीला जाऊन विमानाच्या टपालाने रवाना केलं. पोस्टमास्तरांनी दोनदा पत्ता वाचला आणि मला चहा पाजला.

चावडीवर आप्पासो म्हणाले, "केरबा, आता तुझी ईर साता समुंदरापल्याड निगाली म्हण की."

"मिळंल त्यास्नी," तात्या म्हणाले.

"आन न्हाई मिळाली तर?"

"मिळंल."

परत येताना त्यांनी मला विचारलं, इंजिनिअर एक मेला म्हणजे किती दिवस राहिले. मी मोजून सांगितलं. अठ्ठ्याऐंशी. ही भर आठवड्यानंतरची. तेव्हापासून ते रोज शाळेवरून जाताना आकडा सांगून जातात: सत्त्याऐंशी, शहाऐंशी. मुलांना वजाबाकी चांगली येऊ लागली आहे.

२३ मार्च, शनिवार

पत्र आलं. मी चावडीतच फोडलं, सगळ्यांसमोर, कारण मला खात्री होती. तेच चुकलं.

सुरुवात गोड होती. तुमचं पुस्तक शेडमध्ये मोठ्याने वाचलं, म्हातारी माणसं रडली. चक्कीवाल्याच्या घरी कुत्रा चाकात पळून लोणी काढी हे आम्ही विसरलोच होतो, त्याचं नावसुद्धा एका आजीला आठवलं. सव्वीस वर्षांचा हशा त्या एका वाक्यात बुडाला. आप्पासोंनी पानाची पिचकारी टाकायचंही थांबवलं.

मग पुढचं. विहीर मिळाली नाही. देवळाच्या पूर्वेस मोजलं, उत्तरेस मोजलं. अकरा माणसांनी बारा दिवस ढिगारे उपसले, खाली कोरा खडू. तळं तुम्ही दक्षिणेस दाखवलंत, आमच्या आठवणीत ते उत्तरेस होतं. इतक्या वर्षांनी माणसाचं मन फसतं, आम्ही दोष देत नाही. आता पुन्हा खणायला लोक तयार नाहीत. तुमच्या मित्राला आमचा नमस्कार सांगा.

आप्पासोंना वाचा फुटली. "म्हंजी लोणी खरं आन ईर खोटी."

तात्या माझ्याकडे पाहत होते. "लोण्याचं जाऊं द्या. मास्तर, ईर कुटं गेली?"

मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

२५ मार्च, सोमवार

लेस्तवालला दिलगिरीचं पत्र टाकलं. लिहिलं की, वृद्ध गृहस्थांच्या स्मरणशक्तीला मर्यादा असतात, आम्ही त्यांनी सांगितलं तेच प्रामाणिकपणे कळवलं. वाक्य चांगलं जमलं होतं. लीलाला वाचून दाखवलं नाही.

२७ मार्च, बुधवार

तात्या आता आकडा सांगत नाहीत.

आज हरणाबाई त्यांना न्यायला आली होती. तिच्या वस्तीवर विहिरीची जागा दाखवायची होती. ह्या भागात तात्यांनी पाय आपटला की तिथे खणायचं, अशी रीतच आहे. ते म्हणाले, "दुसऱ्या कुनाला तरी बलीव बाई. माजं आता खरं न्हाई."

संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसले. म्हणाले, "मास्तर, येक सांगा. मी गेलो तरी हुतो का फ्रानसात?"

"तात्या, असं काय बोलता?"

"न्हाई, मानसाला वाटतंय कवाकवा. सांगून सांगून खरं वाटाया लागतंय."

मला फार वाईट वाटलं. तरी मनाच्या कोपऱ्यात होतंच, की आठवणीचाच घोटाळा आहे, माझा नकाशा चोख होता. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मी स्वतःला चांगला म्हणू लागलो तर वाचता येईल.

३० मार्च, शनिवार. सातारा

माजी सैनिकांचं काम पाहणाऱ्या सोल्जर बोर्डाने फ्रान्सचं मूळ पत्र पाहायला मागितलं म्हणून आलो. काम दुपारी झालं. मोटार उद्या सकाळची, म्हणून कॅम्पाकडे फिरायला गेलो. तिथे एक जुनं चर्च आहे, त्याच्या ओट्यावर एक माणूस झाडत होता. साडेसहा वाजले असतील. दार उघडं होतं, आणि मावळतीचं ऊन त्या दारातून सरळ आत, थेट टोकाच्या वेदीपर्यंत गेलं होतं.

मी रस्त्यातच उभा राहिलो. लेस्तवालचं देऊळ म्हणजे असंच चर्च. सूर्य माझ्या पाठीशी. दार माझ्या समोर. म्हणजे दाराचं तोंड मावळतीला.

झाडणारा हरिबा नावाचा, तिथलीच देखरेख करतो. मी विचारलं, "ह्या चर्चचं दार असं उलटं का?"

"उलटं कशापायी? समद्या जुन्या चर्चांचं असंच असतंय. वेदी उगवतीला, लोकं उगवतीकडं तोंड करून बसत्यात. मंग दार मावळतीला आलंच की."

"सगळ्या? फ्रान्समध्येसुद्धा?"

"फ्रानस मला ठावं न्हाई, पर रीत हीच. आवं, बसा की, घाम फुटलाय तुमास्नी."

मी त्याच्या ओट्यावर बसलो आणि खिशातून नकाशाची नक्कल काढून उलटी फिरवली. पूर्व पश्चिमेला गेली. तळं उत्तरेस गेलं, जिथे त्या लोकांना आठवत होतं. तोफा पूर्वेकडून वाजू लागल्या. बर्फ उत्तरेच्या भिंतीला चिकटलं. बावीस पानांत जे जे मला चमत्कारिक वाटलं होतं ते एका फिरकीत सरळ झालं. तात्यांनी एक पाऊलसुद्धा चुकीचं सांगितलं नव्हतं. गाव उलटं मांडलं ते आम्ही दोघांनी, आणि डावं-उजवं खोडून ते कायमचं उलटं केलं ते मी एकट्याने.

मी धावत सुटलो. शाळामास्तराने धोतर सावरत साताऱ्याच्या रस्त्यातून धावणं शोभत नाही, पण मी धावलो. तार ऑफिसातल्या कारकुनाने मजकूर वाचला: 'नकाशा अर्धा फिरवा. देवळाच्या दारातून बाहेर तोंड करून सरळ एकशे चाळीस पावलं, मग डावीकडे ऐंशी. पाऊल तीस इंच. चूक मास्तरची, सैनिकाची नव्हे. मागचं पत्र फाडा.' त्याने चष्म्यावरून पाहिलं. "ही सांकेतिक भाषा आहे का?"

मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तोपर्यंत मागे चार माणसं जमली. कारकुनाने कागदावर रेघा काढून स्वतः पडताळून पाहिलं, आणि म्हणाला, "बरोबर आहे. जाऊ द्या तार." त्याने शिक्का असा मारला की टेबल हललं.

३१ मार्च, रविवार

परतल्यावर आधी घरी गेलोच नाही, सरळ चावडीत गेलो. तात्या एका खांबाला टेकून होते. मी उभा राहून सांगितलं की चूक माझी होती, कशी होती, आणि मागच्या पत्रात मी तात्यांच्या आठवणीला दोष दिला होता.

आप्पासो म्हणाले, "म्हंजी शिकल्यालं मानूस उलटं निगालं."

"पण देवळाचं तोंड उगवतीला, ह्ये म्याच बोललो हुतो की," तात्या म्हणाले. "मास्तरला कशापायी बोलतोस? आपल्याला काय ठावं, तिकडचा देव पाठ करून बसतोय त्ये." मग मला म्हणाले, "पर डावं-उजवं का खोडलंसा?"

मी म्हणालो, "मला वाटलं ते अडाणी दिसेल."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी लीलाने सगळं ऐकून घेतलं. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो, पण ती म्हणाली नाही. गरम भाकरी वाढली.

१२ एप्रिल, शुक्रवार

तेरा दिवस. तात्या पुन्हा आकडा सांगू लागलेत, पण हळू आवाजात. आज 'एकोणीस'. ते लोक पुन्हा खणतील कशाला? एकदा फसलेत. दुसऱ्यांदा त्याच माणसाच्या तारेवर अकरा माणसं फावडी उचलतील का? मी असतो तर उचललं नसतं.

१७ एप्रिल, बुधवार

आटपाडीचा तारवाला सायकल रेतीत ढकलत आला. वर्ग चालू होता. मी तार फोडली आणि फळ्यावर खडूने लिहिलं: 'पाणी लागलं.'

मुलं बाहेर पळाली. दहा मिनिटांत सगळं गाव शाळेच्या अंगणात. तात्या शेवटी आले, खांद्यावर कुदळ तशीच. सकाळी हरणाबाईच्या वस्तीवर गेले होते म्हणे, जागा दाखवायला.

मी तार वाचली. दारातून सरळ एकशे चाळीस, मग डावीकडे. ऐंशीऐवजी त्र्याऐंशी पावलांवर फरशी लागली. खाली पाणी.

"त्र्याऐंशी?" तात्या म्हणाले.

"तीन पावलांचा काय फरक, तात्या."

"त्यांची पावलं लहान असत्याल," ते म्हणाले, आणि मग खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. कोणी हसलं नाही. आप्पासोंनी स्वतः तांब्या भरून आणला. मीही रडलो, लिहायला हरकत नाही.

४ मे, शनिवार

एक मे होऊन गेला. काय झालं असेल ह्या विचाराने जेवण जात नाही. पत्र यायला अजून आठ-दहा दिवस लागतील. नवी वही घेतली आहे, भूगोल पुन्हा लिहितोय, ह्यावेळी तात्यांच्या शब्दांत: दारात उभं राहायचं, तोंड बाहेर. लीला मजकूर तपासते. माझं नाव कुठे घालायचं असं तिने विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

१५ मे, बुधवार

पत्र आलं. चावडीत जागा नव्हती, लोक ओट्यावर आणि खाली चिंचेपर्यंत बसले होते. आप्पासोंनी आपल्या घोंगड्यावर तात्यांना बसवलं आणि स्वतः कडेला सरकले.

इंजिनिअर येऊन गेला. पाणी मोजलं, चाखलं, कागदावर सही केली. लेस्तवाल टेकावरच राहणार. चार घरांच्या पायाचं काम सुरू झालंय. एवढं वाचल्यावर मला थांबावं लागलं, इतका गलका झाला. सबंध करंजवडीला जणू आपणच वाचलो असं झालं होतं.

मग पत्राचा दुसरा भाग. गावाचा नवा नकाशा काढायचा आहे. जुने कागद नाहीत, म्हणून तुमचं पुस्तकच आम्ही दप्तर म्हणून धरलं आहे. एका गोष्टीवर दोन घरांत भांडण लागलं आहे. चक्की आणि तळ्याच्या मधली बोळ एका घराच्या कुंपणातली होती, की सगळ्यांच्या वापराची होती? दोन्ही घरची वडीलधारी माणसं मेलेली. पंचायतीने एकमताने ठरवलं आहे, की हिंदी सैनिक सांगेल ते अखेरचं मानायचं. दोन्ही घरांनी तसं लिहून दिलं आहे.

चावडीत असं काही झालं, जणू आमच्यातल्या कोणाला सुभेदारी मिळाली. केरबा लोणी फ्रान्स देशाच्या गावचा पंच! सगळे एकदम बोलू लागले. बोळ सगळ्यांची असणारच, मेंढरं तळ्यावर न्यायची कशी? एकाने तर दुसऱ्या घराची बाजू घेऊन वादही सुरू केला.

तात्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, पावलं मोजत असावेत. सगळे थांबले.

"मास्तर," ते म्हणाले, "चक्कीपातुर मी गेलोय. तळ्यावर घोडी पाजायला गेलोय. पर त्या बोळीतनं कवा गेलो न्हाई. मला ठावं न्हाई."

चावडीतली हवाच गेली. आप्पासो त्यांच्या कानाशी वाकले, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आरं, सांग की काय बी. समद्यांची हुती म्हण. तितं कोन बगाया येतंय?"

"कोन येत न्हाई, म्हणून तर," तात्या म्हणाले. "दोगांनीबी माज्या शब्दावर सोडलंय. लिवा मास्तर."

मी टाक उचलला.

"लिवा: ठावं न्हाई. म्या पायलं न्हाई."

मी तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, आणि त्यांनी सही केली.